एक आढं, दोन घरं

कंडक्टर काकांना 'हो' म्हणताना मी कधी ऐकलं नाही. होकार द्यायचा असला की हाताशी जे असेल त्यावर बोटाच्या पेरांनी ते दोनदा ठोकायचे. टक् टक्. दार, खांब, पाण्याचा पिंप, ताटाची कड, काहीही चालायचं. "काका, चहा घेता?" टक् टक्. "काका, मॅच जिंकलो का आपण?" टक् टक्. आणि थांबायचं, नको म्हणायचं किंवा समोरच्याला गप्प करायचं असलं की एकच. टक्. दिग्रस डेपोच्या लाल गाडीत उभा जन्म गेला त्यांचा. एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, एवढ्या दोन शब्दांत जगाचे सगळे व्यवहार होतात अशी त्यांची खात्री होती. काकू सांगायच्या, की काका त्यांना बघायला आले तेव्हा नोकरी नवी नवी होती. पोहे खाऊन झाल्यावर मोठ्या माणसांनी विचारलं, मुलगी पसंत आहे ना? नवरदेवानं खुर्चीच्या हातावर दोनदा ठोकलं. "मले वाटलं, ढेकूण मारून राह्यला!" काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. काका तिथंच बसलेले असायचे, आणि कपबशीवर टक् टक् करून ही हकीगत खरी असल्याची साक्ष द्यायचे.

ते आमचे नात्यानं कोणी नव्हते. शेजारी म्हणावं तर तेही पुरेसं नाही, कारण आमच्या दोघांच्या डोक्यावर एकच लाकूड होतं. हे जरा नीट सांगायला हवं.

गावाकडच्या घराची आठवण काढायची म्हटलं की हल्ली प्रत्येकाला वाडाच आठवतो. चौक काय, नक्षीचे खांब काय. आमच्याकडे असलं काही नव्हतं. कच्च्या विटांच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, आणि न्हाणीत आंघोळीला उभं राहिलं तर कोपर भिंतीला लागायचं. माझे आजोबा जिनिंगमध्ये कापूस तोलायचे आणि काकांचे वडील त्याच जिनिंगमध्ये सुतार होते. जुनी शेड मोडली तेव्हा त्यातलं एक लांबच लांब सागाचं लाकूड दोघांनी मिळून घेतलं. अर्धं तुला, अर्धं मला, असा सरळ हिशेब होता. पण करवत हातात घेऊन सुतारबाबा सकाळभर त्या लाकडापाशी बसले आणि संध्याकाळी आजोबांना म्हणाले, इतकं सरळ लाकूड कापायला माझा हात होत नाही. मग दोघांनी लाकूड घरांच्या मापानं कापायचं सोडून घरं लाकडाच्या मापानं बेतली. शेजारी शेजारी दोन घरं, पुढं दोन दारं, मागं दोन परसं, आणि दोन्हींवरून आरपार गेलेलं एकच आढं. लाकडाचा जाड बुंधा आमच्या बाजूला आला आणि बारीक शेंडा त्यांच्या. हे सुतारबाबांनी आपणहून केलं. "तुह्याकडं लेकरं जास्त आहेत," एवढंच म्हणाले म्हणे. त्या शेंड्याकडची बाजू पुढं थोडी वाकली, आणि दर पावसाळ्यात काकांच्या स्वयंपाकघरात एक पातेलं गळतीखाली ठेवलेलं असायचं. पण बुंधा-शेंडा हा विषय काकांनी कधी काढला नाही. आमच्या आजीनं मात्र पातेल्याचा आवाज आला की आजोबांना ऐकवायचं सोडलं नाही.

खरी गंमत होती मधल्या भिंतीची. ती वरपर्यंत गेलेलीच नव्हती. माणसाच्या डोक्यावर हातभर चढायची आणि थांबायची. तिच्या मधोमध एक सागाचा खांब तेवढा वर जाऊन आढ्याला टेकलेला. बाकी भिंतीच्या माथ्यापासून कवेलूपर्यंत सगळं मोकळं. उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून सुतारबाबांनी मुद्दाम तशी ठेवली, असं काका छातीठोक सांगायचे. विटा संपल्या म्हणून तशी राहिली, असं आमचे आजोबा सांगायचे. खरा इतिहास काय तो दोघांबरोबर गेला. इतकं मात्र खरं की त्या फटीतून सगळं इकडचं तिकडं व्हायचं. त्यांची फोडणी, आमचा ठसका. त्यांचा रेडिओ, आमचा अभ्यास. मांजर एकच होतं आणि ते दोन्हीकडे जेवायचं. आमच्याकडचा दिवा लागला की त्यांच्या कवेलूंवर आतून उजेड पडायचा, आणि त्यांचा लागला की आमच्या.

आता अशा घरात माणसं भांडली कशी नाहीत? त्याचं कारण सुतारबाबांनी घालून दिलेला नियम. "भिंतीवरून आलं थे भिंतीचं." म्हणजे वरून जे ऐकू येईल ते आपण ऐकलेलं नाही. त्यावर बोलायचं नाही, हसायचं नाही, दुसऱ्या दिवशी ओसरीवर भेटलं तरी डोळ्यात ते दिसू द्यायचं नाही. खरंच बोलायचं असेल तर आधी भिंतीवर एकदा ठोकायचं. पलीकडून "बोला" आलं की बोलायचं. बोलणं झालं की दोनदा ठोकायचं, म्हणजे विषय संपला. काका कंडक्टर झाल्यावर या ठोकण्याला आमच्या घरात 'बेल' हे नाव पडलं. चार पाहुण्यांना कळायचं नाही असं हे आमचं शास्त्र होतं, आणि आम्ही ते सोवळ्यासारखं पाळायचो.

सहामाहीत मी गणितात नापास झाले तेव्हाची गोष्ट. वडील संतापी नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. मी उशीत तोंड खुपसून रडले. पलीकडे रेडिओ चालू होता. तो मध्येच मोठा झाला, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. सकाळी काका ओसरीवर गणवेशाची बटणं लावत होते. माझे सुजलेले डोळे त्यांना दिसले नसतील असं नाही. पण नियम तो नियम. ते वडिलांना म्हणाले, "आज पुसदची गाडी आहे माह्यावर. पोरीले नेतो संग. शाळेले सुट्टीच आहे ना?" सुट्टी नव्हती. वडिलांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि ओसरीच्या खांबावर दोनदा ठोकलं.

दारापासच्या कंडक्टरच्या बाकावर बसून मी पुसदला गेले आणि आले. तसं वैभव पुन्हा वाट्याला आलं नाही. परतताना एका फाट्यावरून गाडी सुटली. डबल बेल झाली होती, ड्रायव्हरनं वेगही घेतला होता. आणि काकांनी एकदम दोरी ओढली. एकच बेल. गाडी करकचून थांबली. मागं शेताच्या धुऱ्यावरून एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन येत होती. पळत नव्हती, कारण पळणं तिच्यानं होणारच नव्हतं. ड्रायव्हर चिडला. उशीर झालाय, मागून दुसरी गाडी आहेच, वगैरे. काका शांतपणे म्हणाले, "थांब भाऊ. एक जन राह्यला." म्हातारी येऊन, चढून, बसून, कमरेचा बटवा शोधेपर्यंत गाडी उभी होती. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "डबल बेल कोनीबी देते पोरी. गाडी चालूच व्हाची असते. सिंगल बेल टायमावर देता आली पाहिजे." गणिताचं नाव त्यांनी दिवसभरात काढलं नाही.

घराच्या बाबतीत त्यांचं एकच वैर होतं, आणि ते वानरांशी. काळ्या तोंडाची टोळी चिंचेवरून आमच्या छपरावर उतरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कवेलूंचा चुरा करत जायची. गल्लीतल्या सगळ्यांनी कंटाळून टिना टाकल्या. काका टाकेनात. टिनाखाली माणूस भाजून निघतो, हे एक कारण. आणि टिना टाकायच्या तर आढ्याला भोकं पाडावी लागतील, हे दुसरं, खरं. वानरं आली की ते परसात उभं राहून ओरडायचे, "समोर सरका! समोर सरका! दारात उभं राहू नोका!" इतक्या वर्षांच्या सवयीनं दुसरं काही तोंडात येतच नसे. वानरं थोडी समोर सरकायचीही. मग उन्हाळा संपता संपता काका स्वतः शिडी लावून वर चढायचे आणि दोन्ही घरांची कवेलू फेरायचे. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, पालापाचोळा झाडायचा. आमच्या बाजूचीही ते का करतात असं वडिलांनी विचारलं तर म्हणायचे, "पानी तुमच्याकडून गळलं तं कुजन आढं. आढं का तुमचं एकट्याचं आहे?"

काकू गेल्या तो उन्हाळा मला अजून नको वाटतो. त्यांना मूल नव्हतं. दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, दारव्ह्याचा पुतण्या एक रात्र राहून निघाला, आणि भिंतीपलीकडे सामसूम झाली. रेडिओ नाही, पातेलं नाही, खोकलासुद्धा नाही. आई रोज ताट घेऊन पुढच्या दारानं जायची. ताट रिकामं परत यायचं, पण त्यातलं बरंचसं मांजर खायचं हे आईला ठाऊक होतं. एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो आणि बेल झाली. एकच. वडिलांचा घास हातात राहिला. ते म्हणाले, "बोला." पलीकडून काही येईना. वडिलांनी पुन्हा विचारलं, "काय पाहिजे हो?"

"काही नाही," काका म्हणाले. "पाहून राह्यलो, कोनी आहे का."

"आहे ना," वडील म्हणाले.

टक् टक्.

त्यानंतर कुणीही जेवलं नाही. लहान होते तरी मला कळलं होतं की हे आपण ऐकलेलं नाही असं समजायचं आहे, आणि ते मला जमणार नाही.

पुढं दादा पुण्याला गेला, मी नागपूरला. वडील गेले. एका आढ्याखाली दोन घरं आणि दोन माणसं उरली, मध्ये अर्धी भिंत. छोट्या गावात एकटी बाई आणि एकटा पुरुष म्हटलं की लोकांच्या जिभेला हाड नसतं. पण त्या भिंतीचा धाक असा की आमच्या आईबद्दल आणि काकांबद्दल कुणी ब्र काढला नाही. त्यांचं रोजचं बोलणं तरी केवढं? दिवेलागणीनंतर काकांची एक बेल. "वहिनी, जेवन झालं?" "झालं भाऊजी. तुमचं?" "झालं." टक् टक्. बस. कधी आई मला फोनवर सांगायची, "आज भाऊजींची बेल उशिरा आली, सर्दी झाली वाटतं." एवढ्या चार शब्दांवर दोघांनी म्हातारपण काढत आणलं होतं, आणि आम्ही दोघं भावंडं आईला विचारायचो, तुला तिथं करमतं तरी कसं?

मग ती दिवाळी आली. दादा आला होता, मीही. आईचे गुडघे पार गेले होते, तिला एकटीला ठेवायची दोघांनाही धास्ती वाटायची. दादा काही वाईट माणूस नाही. त्याला प्रश्न दिसला की तो लगेच सोडवायला बसतो, एवढाच त्याचा दोष. आई फराळाची ताटं पोचवायला गल्लीत गेली होती. दादा माजघरात बसून म्हणाला, "आईला तू नागपूरला ने. घराला गिऱ्हाईक आहे. तो खाली दुकानं काढून वर स्लॅब टाकणार. फक्त आढं कापावं लागेल."

मी म्हटलं, "आढं कापलं तर काकांचं घर कसं उभं राहील?"

"नाही राहणार. मीही विचारलं त्याला. तो म्हणतो, म्हातारबुवा आहेत तोवर थांबतो. पण त्याला तरी किती थांबवायचं? आणि एकटा माणूस त्या पडक्यात राहणार तरी किती दिवस? पुतण्या आहे ना दारव्ह्याला. त्यानं न्यायला नको का?"

मी काहीतरी बोलले, तो काहीतरी बोलला. आवाज चढले. काकांचं वय निघालं, त्यांचा दमा निघाला, त्यांच्या मागं कोण आहे हेही निघालं. इतकी वर्षं फ्लॅटमध्ये काढून भिंत म्हणजे छतापर्यंत गेलेलीच असते असं आमच्या हाडीमाशी खिळलं होतं. त्या भिंतीखाली आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि त्या भिंतीला वरती फट आहे हेच आम्ही दोघं विसरलो.

टक् टक्.

दादाचं तोंड उघडंच राहिलं. पलीकडे सुतारबाबांचा मुलगा बसला होता. आढं कापा म्हणत होता. चल म्हणत होता.

आई नेमकी तेव्हाच दारात आली. रिकामं ताट तिच्या हातात होतं. "बेल कशाची झाली?" तिनं एकदा आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मग हळूहळू मान वर करून भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "काय बोललात रे तुम्ही?" तिनं ताट खाली ठेवलं, भिंतीशी गेली आणि एकदा ठोकलं.

"बोला वहिनी."

"भाऊजी..." ती तशीच भिंतीला हात लावून उभी राहिली.

पलीकडून आवाज आला, "मले काही ऐकू नाही आलं वहिनी."

कुणी विचारलंच नव्हतं. जन्मभर पाळलेला नियम त्या माणसानं त्या दिवशी मोडला, आणि तोही आमची लाज राखायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं आणि ओसरीवर जाऊन काकांना तसं सांगितलं. काका दाढी करत होते. आरसा खांबाच्या खिळ्याला टांगलेला. ते म्हणाले, "काहून नाही म्हटलं? मी तं बेल देल्ली होती."

"काका, तुम्ही राहिला असता कुठं?"

"गाडी का कंडक्टरसाठी थांबते बापा? पॅसेंजरसाठी थांबते." आणि त्यांनी गालावरचा साबण पुसायला घेतला. "माह्यं एक आयकशीन? मी गेलो म्हंजे खुशाल पाडा. पन आढं कापू नोका. बाबानं नाही कापलं. एक्याच तुकड्यात खाली घेजा."

दुपारी दादा शिडी लावून वर चढला आणि काकांच्या बाजूची कवेलू फेरत बसला. नीट लावली त्यापेक्षा फोडलीच जास्त. काका खालून "समोर सरका" म्हणत होते.

आईला मात्र न्यावंच लागलं. थंडी सुरू होताना मी गाडी घेऊन आले. तिची ट्रंक, देव, लोणच्याची बरणी, सगळं चढलं. काका ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. आई गाडीत बसली, दार लावलं, पण ड्रायव्हरला ती निघ म्हणेना. मला कळेना काय राहिलं. मग काकांनी खांबावर दोनदा ठोकलं, आणि आई म्हणाली, "चल आता." कारंजा येईपर्यंत ती पदरानं डोळे पुसत होती.

किल्ली काकांकडे होती. आठवड्यातून एकदा ते आमची दारं उघडून घर झाडायचे. समोरच्या दुकानदारानं मला सांगितलं की रोज संध्याकाळी ते आमच्याकडचा दिवाही लावतात आणि झोपायच्या आधी येऊन मालवतात. मी फोनवर रागावले, कशाला उठबस करता या वयात. ते म्हणाले, "तुमच्याकडचा दिवा लागला का माह्या कवेलूवर उजेड पडते. बरं वाटते." माणसं नसली तर नसोत, निदान त्यांचा उजेड भिंतीवरून यावा, एवढ्यावर तो माणूस दिवस ढकलत होता.

आईचंही तेच. पहिले काही दिवस संध्याकाळी ती पलंगाशेजारच्या भिंतीवर ठोकायची. शेजारचे सद्गृहस्थ येऊन विचारून गेले, काही फर्निचरचं काम चाललंय का? मग मी तिला काकांना फोन लावून द्यायला लागले. "भाऊजी, जेवण झालं?" "झालं वहिनी. तुमचं?" "झालं." आणि फोनमधून, अगदी जवळ, टक् टक्. फोन कानाला लावूनही ते दोघं चारच वाक्यं बोलायचे. बिल येत नाही आता, बोला की अजून, असं मी म्हणायचे. पण त्यांचं सगळं बोलून झालेलं असायचं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी फोन वाजत राहिला. आईनं पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा वाजून बंद झाला. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "समोरच्या दुकानात फोन कर. लवकर." दुकानदार फोन कानाला धरूनच रस्ता ओलांडून गेला. काका ओसरीवर होते, खांबाला टेकून बसलेले. शांतपणे गेले होते. आमच्या घरातला दिवा लागलेला होता. त्यांच्याकडचा अजून लावायचा होता.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक बेल तरी दिली असेल गं त्यांनी. भिंतीच्या अलीकडे कोणी नव्हतं." एवढं बोलून ती रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिलं नव्हतं.

पुतण्यानं आणि दादानं मिळून दोन्ही घरं एकदमच विकली. आता भांडायला कुणी नव्हतंच. पाडकाम सुरू व्हायच्या दिवशी कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून मी गेले. निघताना आईनं हाक मारली. "भिंत पडायच्या आधी माझ्याकडून एकदा डबल बेल दे. म्हणावं, जा आता निवांत."

मी पोचले तेव्हा कवेलू उतरवून झाली होती. अंगणात त्यांचा ढीग पडला होता आणि ढिगावर एक वानर एकटंच बसून होतं. वासे काढलेले. माजघरात मी उभी राहिले तर वर सरळ आभाळ, आणि आभाळात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटं आढं. इतकं सरळ लाकूड मी याआधी कधी नीट पाहिलंच नव्हतं; कवेलूखाली अंधारातच तर असायचं ते. पहिल्यांदाच मला त्यांची बाजू आणि आमची बाजू एकदम दिसत होती. बुंधा, शेंडा, आणि शेंड्याकडचा तो किंचित बाक. मधल्या भिंतीवर दोन मजूर चढून बसले होते. ठेकेदाराला मी आढं न कापण्याचा काकांचा शब्द सकाळी फोनवर सांगितला होता, तो हो हो म्हणाला होता, आणि आता त्यांतला एक मजूर नेमका मधल्या खांबाच्या वर, आढ्यावर करवत टेकवत होता. सबंध लाकूड ट्रॉलीत मावत नाही, असं तो दुसऱ्याला सांगत होता.

मी भिंतीशी गेले. आईनं सांगितलेली बेल द्यायला हात वर केला. चुना माझ्या बोटांना लागला. इथंच, याच उंचीवर, वडिलांचा हात पडायचा, आईचा पडायचा. पलीकडे जे घर होतं तिथं आता काही नव्हतं, तरी हात उचलताना मला वाटलं की कुणीतरी "बोला" म्हणेल.

टक्.

दुसऱ्यांदा हात उठलाच नाही.

वरती करवत थांबली. मजुरानं भिंतीच्या माथ्यावरून खाली वाकून पाहिलं. "काय झालं ताई? थांबू काय?"

"थांब भाऊ," मी म्हटलं. "एक जण राह्यला."